अपाची २.२ च्या जुन्या फाइली २.४ च्या वळणावर आणताना: स्क्रिप्टने काय करायचं आणि कुठे थांबायचं

अपाची वेब सर्व्हरची २.४ ही मालिका फेब्रुवारी २०१२ मध्ये आली. २.२ ची शेवटची आवृत्ती, २.२.३४, जुलै २०१७ मधली. एवढी वर्षं लोटली तरी आज चालू असलेल्या कित्येक २.४ सर्व्हरांच्या फाइली उघडल्या की आत कोणाला प्रवेश द्यायचा हे सांगणारी ‘ऑर्डर’, ‘अलाउ फ्रॉम’, ‘डिनाय फ्रॉम’ हीच जुनी मंडळी भेटतात. ती तग धरून आहेत ती ‘मॉड ॲक्सेस कॉम्पॅट’ या मॉड्यूलच्या जिवावर. जुन्या फाइली एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून हे मॉड्यूल दिलं गेलं. ते तात्पुरत्या फळीसारखं होतं, पण लोकांनी त्यालाच पूल मानलं. मग एक दिवस कोणीतरी नवीन ॲप्लिकेशन बसवतं, त्याच्या फाइलीत नव्या पद्धतीचं ‘रिक्वायर’ असतं, जुनं आणि नवं एकाच झाडात मिसळतं आणि ४०३ चे (प्रवेश नाकारल्याचे) गूढ प्रकार सुरू होतात.

हे स्थलांतर सेडच्या (फाइलीतला मजकूर ओळीओळीने बदलणाऱ्या कमांडच्या) दोन ओळींत उरकता येतं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वाक्यरचनेपुरतं ते खरंही आहे. पण इथली खरी भीती सर्व्हर सुरू न होण्याची नाही. सुरू झाला नाही तर दोन मिनिटांत कळतं. भीती आहे ती सर्व्हर व्यवस्थित सुरू होऊन, कुठलीही तक्रार न करता, काल कुलूपबंद असलेला फोल्डर आज जगाला उघडा करण्याची. म्हणून स्क्रिप्टने खात्रीचेच नमुने बदलावेत, बाकीच्यांवर बोट ठेवून थांबावं. पुढची सगळी मांडणी याच हिशेबाने केली आहे.

एक खुलासा आधीच: डायरेक्टिव्हांची (म्हणजे फाइलीतल्या सर्व्हरला दिलेल्या आज्ञांची), कमांडांची आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत आणि टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची.

नक्कल आणि ती ठेवायची जागा

शक्य असेल तर चालू यंत्रावर काम करू नका. नव्या व्हर्च्युअल मशीनवर २.४ बसवा, जुना कॉन्फिगरेशन फोल्डर टारने बांधून तिथे न्या आणि उलगडल्यावर त्यात लगेच गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) सुरू करून पहिली नोंद करा. पुढे स्क्रिप्टने काय बदललं ते ‘गिट डिफ’ ओळीओळीने दाखवेल, आणि या कामात तोच तुमचा मुख्य आरसा आहे.

‘सेड -आय.बॅक’ वापरून मूळ फाइलीशेजारीच नक्कल ठेवायची सवय इथे सोडा. मुख्य फाइलीत जर एखादा अख्खा फोल्डर तारांकन लावून समाविष्ट केला असेल, तर ती ‘.बॅक’ फाइलही सर्व्हर इमानाने वाचतो. एकच व्हर्च्युअल होस्ट (सर्व्हरवरची एक स्वतंत्र साइट) दोनदा दिसतो, आणि बदललेली नव्हे तर जुनी व्याख्या लागू होण्याची वेळ येऊ शकते.

दुसरा खड्डा त्याहून फसवा. डेबियन आणि उबुंटूवर ‘साइट्स-एनेबल्ड’ मधल्या फाइली म्हणजे ‘साइट्स-अव्हेलेबल’ कडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक, म्हणजे नुसते दुवे, असतात. ग्नू सेडला ‘-आय’ देऊन सिमलिंकवर सोडलं तर तो दुवा तोडतो आणि त्या जागी साधी फाइल ठेवतो. सर्व्हर चालतो, कोणाला काही जाणवत नाही. सहा महिन्यांनी कोणीतरी ‘साइट्स-अव्हेलेबल’ मधली फाइल सुधारतं आणि बदल का लागू होत नाही म्हणून डोकं आपटत बसतं. एक तर ‘--फॉलो-सिमलिंक्स’ द्या, नाहीतर स्क्रिप्ट फक्त मूळ फोल्डरवर चालवा. दुसरा मार्ग जास्त स्वच्छ.

आधी आजची स्थिती नोंदवा

ही पायरी लोक टाळतात, आणि पुढे तिचीच उणीव सर्वांत जास्त भासते. सर्व्हरवरच्या महत्त्वाच्या पत्त्यांची एक साधी यादी करा, ओळीला एक पत्ता: मुखपृष्ठ, प्रशासनाचं पान, पासवर्डमागचे फोल्डर, फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधून दिसणारे विभाग, सर्व्हर-स्टेटस, अपलोडचा फोल्डर, आणि कधीच दिसू नयेत अशा गोष्टी, म्हणजे ‘.गिट’, ‘.एचटीपासवर्ड’, बॅकअपच्या फाइली.

शेलच्या साध्या लूपमधून प्रत्येक पत्ता कर्लला (वेबपत्ता मागवणाऱ्या कमांडला) द्या. ‘-एस’ ने गप्प करा, ‘-ओ’ ने मजकूर ‘/डेव्ह/नल’ मध्ये टाका आणि ‘-डब्ल्यू’ ने फक्त एचटीटीपी कोड छापा. हा लूप तीनदा चालवायचा: ऑफिसच्या आतून, बाहेरून (मोबाइलचं इंटरनेट चालतं) आणि योग्य पासवर्ड देऊन. तीन फाइली तयार होतील. त्या जपून ठेवा.

नव्या यंत्रावर तीच यादी तपासताना डीएनएसला हात लावावा लागत नाही. कर्लच्या ‘--रिझॉल्व्ह’ पर्यायात होस्टचं नाव, पोर्ट आणि नव्या यंत्राचा आयपी दिला की तेवढ्या विनंतीपुरतं नाव तिकडे वळतं, आणि व्हर्च्युअल होस्टची निवडही बरोबर होते.

गणती

फाइलींतले शब्द शोधणाऱ्या ग्रेपला मोठा ‘आर’ द्या, लहान नव्हे. लहान ‘आर’ वाटेत लागलेल्या सिमलिंकमागे जात नाही. सोबत ‘-एन’ ओळ क्रमांकासाठी, ‘-आय’ लहानमोठ्या अक्षरांसाठी (अपाची डायरेक्टिव्हांत अक्षरभेद मानत नाही, त्यामुळे ‘ऑर्डर’ तीन पद्धतींनी लिहिलेलं सापडेल) आणि मोठा ‘ई’, एकाच नमुन्यात अनेक शब्द देता यावेत म्हणून. शोधायचे शब्द असे: ऑर्डर, अलाउ फ्रॉम, डिनाय फ्रॉम, सॅटिस्फाय, रिक्वायर, ऑप्शन्स, अलाउओव्हरराइड, नेमव्हर्च्युअलहोस्ट, रिराइटलॉग, लॉकफाइल, ॲक्सेप्टम्यूटेक्स, एसएसएलम्यूटेक्स, डिफॉल्टटाइप, इन्क्लूड.

साइटच्या फोल्डरांतल्या ‘.एचटीॲक्सेस’ फाइली (त्या त्या फोल्डरापुरते नियम असलेल्या) वेगळ्या गोळा करा. फाइंडने शोधा, ‘-प्रिंट०’ लावा आणि शून्य-अक्षराने तोडून वाचा, कारण लोकांनी अपलोड केलेल्या फोल्डरांच्या नावांत मोकळी जागा हमखास असते.

स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘सेट -ई’ (कुठलीही कमांड फसली की थांब) असेल तर एक लक्षात असू द्या. ग्रेपला काहीच सापडलं नाही की तो १ हा कोड परत देतो, आणि स्क्रिप्ट तिथेच मरते. ‘काही सापडलं नाही’ ही इथे आनंदाची बातमी आहे, चूक नव्हे. त्या ओळीपुढे ‘किंवा’ ची खूण (दोन उभ्या रेषा) आणि ‘ट्रू’ जोडा.

सेडने निर्धास्त करण्यासारखं

हा भाग कंटाळवाणा आणि सोपा आहे. ‘मॅक्सक्लायंट्स’ चं नवं नाव ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’, ‘मॅक्सरिक्वेस्ट्सपरचाइल्ड’ चं ‘मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड’. जुनी नावं अजून चालतात, त्यामुळे घाई नाही, पण हात घातलाच आहे तर बदलून टाका. ‘नेमव्हर्च्युअलहोस्ट’ चा आता काहीच परिणाम होत नाही, ती ओळ टिप्पणी करून ठेवा. ‘डिफॉल्टटाइप’ तसंच.

काही ओळींवर मात्र सर्व्हर सुरूच होत नाही. ‘रिराइटलॉग’ आणि ‘रिराइटलॉगलेव्हल’ काढून टाकले गेले. त्यांचं काम आता ‘लॉगलेव्हल’ मध्ये रिराइट मॉड्यूलसाठी ‘ट्रेस१’ ते ‘ट्रेस८’ अशी पातळी देऊन होतं. ‘लॉकफाइल’, ‘ॲक्सेप्टम्यूटेक्स’ आणि ‘एसएसएलम्यूटेक्स’ या तिघांच्या जागी एकच ‘म्यूटेक्स’ आहे. बहुतेक ठिकाणी जुन्या ओळी टिप्पणी करून नवं काही न लिहिणंच योग्य. मूळ ठरलेलं मूल्य पुरतं. ‘इन्क्लूड’ पुढे तारांकन असेल आणि एकही फाइल जुळली नाही तर २.४ चूक मानतं. अशा ओळी ‘इन्क्लूडऑप्शनल’ करा.

सेडच्या नमुन्यात ओळीची सुरुवात नेहमी बांधून घ्या: आरंभचिन्ह, मग शून्य किंवा अधिक मोकळ्या जागा कंसात पकडलेल्या, मग डायरेक्टिव्ह, मग निदान एक मोकळी जागा. बदलात तो पहिला कंस परत ठेवा म्हणजे इंडेंट जागच्या जागी राहतो. एवढ्याने टिप्पण्या आणि लॉगफॉरमॅटमधले शब्द वाचतात.

‘ऑप्शन्स’ सेडच्या हाती देऊ नका. २.२ मध्ये अधिक-उणे चिन्हाचे आणि बिनचिन्हाचे पर्याय एकाच ओळीत चालायचे, २.४ ला ती सरमिसळ चालत नाही: एक तर सगळ्यांना चिन्ह, नाहीतर कोणालाच नाही. चिन्ह असलेली ओळ वरून आलेल्या पर्यायांत भर घालते, बिनचिन्हाची ओळ वरचं सगळं पुसून नव्याने मांडते. लिहिणाऱ्याला यातलं काय हवं होतं ते माणसानेच ठरवायचं.

परवानगीचे ब्लॉक: खरं काम इथे आहे

आधी जुनी रीत पक्की करू. ‘ऑर्डर अलाउ,डिनाय’ म्हणजे आधी अलाउच्या ओळी, मग डिनायच्या; दोन्ही लागू पडल्या तर डिनाय जिंकतो, एकही लागू पडली नाही तर नकार. ‘ऑर्डर डिनाय,अलाउ’ याच्या बरोबर उलट: शेवटचा शब्द अलाउचा, आणि काहीच लागू पडलं नाही तर प्रवेश. फाइलीत ओळी कुठल्या क्रमाने लिहिल्या आहेत याला काडीचं महत्त्व नाही. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

सर्वांत जास्त दिसणारे नमुने सरळ आहेत. सर्वांना प्रवेश देणारा ब्लॉक ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ होतो, सर्वांना अडवणारा ‘रिक्वायर ऑल डिनाइड’. ठरावीक नेटवर्कलाच प्रवेश असेल तर:

ऑर्डर डिनाय,अलाउ
डिनाय फ्रॉम ऑल
अलाउ फ्रॉम १९२.१६८.१

या तीन ओळींच्या जागी एकच येते:

रिक्वायर आयपी १९२.१६८.१

अर्धवट आयपी, स्लॅशने दिलेली लांबी किंवा पूर्ण नेटमास्क, तिन्ही रूपं नव्या डायरेक्टिव्हला चालतात. एकाच ‘अलाउ फ्रॉम’ ओळीत आयपी आणि होस्टचं नाव दोन्ही असेल तर त्यांच्या दोन ओळी करा, ‘रिक्वायर आयपी’ आणि ‘रिक्वायर होस्ट’. ‘एन्व्ह=’ असेल तर ‘रिक्वायर एन्व्ह’ लिहा आणि बरोबरचं चिन्ह गाळा.

सर्वांना प्रवेश, पण एक-दोन आयपींना मज्जाव, असा प्रकार असेल तर ‘रिक्वायर नॉट आयपी’ एकटं लिहून भागत नाही. नकारार्थी अट कोणालाच आत घेत नाही, ती फक्त बाहेर काढते. म्हणून ‘<रिक्वायरऑल>’ चा ब्लॉक उघडा, त्यात आधी ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’, मग ‘रिक्वायर नॉट आयपी’ आणि ब्लॉक बंद.

आता सापळा. जुन्या फाइलीत हा मजकूर अगदी नेहमीचा:

ऑर्डर अलाउ,डिनाय
अलाउ फ्रॉम ऑल
ऑथटाइप बेसिक
रिक्वायर व्हॅलिड-युजर

२.२ मध्ये याचा अर्थ, आयपी कुठलाही चालेल, पण पासवर्ड हवा. पहिल्या दोन ओळींच्या जागी डोळे झाकून ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ टाकलं की एका ब्लॉकमध्ये दोन रिक्वायर होतात. २.४ मध्ये उघड्यावर असलेल्या अनेक रिक्वायर ओळी ‘यापैकी कोणतीही एक पुरे’ अशा वाचल्या जातात. ‘ऑल ग्रँटेड’ नेहमीच पुरी होते. पासवर्ड विचारलाच जात नाही, कॉन्फिगटेस्ट (फाइलींची वाक्यरचना तपासणारी अपाचीची चाचणी) ‘सिंटॅक्स ओके’ म्हणतो आणि लॉगमध्ये चकार शब्द उमटत नाही. दोन ओळींच्या सेडने नेमकं हेच होतं. इथे योग्य बदल म्हणजे पहिल्या दोन ओळी नुसत्या काढून टाकणं.

ऑफिसचा आयपी आणि पासवर्ड दोन्ही हवेत असा ब्लॉक असेल (सॅटिस्फाय लिहिलेलं नसलं तर ‘ऑल’ धरलं जातं), तर दोन्ही अटी ‘<रिक्वायरऑल>’ मध्ये बसवा. त्यातही एक बारकी गोष्ट आहे. मूळ ब्लॉकमध्ये ‘रिक्वायर युजर’ आणि ‘रिक्वायर ग्रुप’ अशा दोन ओळी असतील तर जुन्या काळी त्या आपापसांत ‘किंवा’ होत्या. त्या तशाच रिक्वायरऑलमध्ये टाकल्या तर ‘आणि’ होतील आणि दोन्हींत बसणाऱ्यालाच आत जाता येईल. त्यांच्याभोवती आत आणखी एक ‘<रिक्वायरएनी>’ लागतो.

‘सॅटिस्फाय एनी’ वाला ब्लॉक उलट सोपा झाला आहे: ऑफिसमधून पासवर्डशिवाय, बाहेरून पासवर्डने. त्यासाठी ‘रिक्वायर आयपी’ आणि ‘रिक्वायर व्हॅलिड-युजर’ शेजारी शेजारी लिहिलं की झालं. सॅटिस्फायची ओळ काढा.

आणि दोन असे ब्लॉक, ज्यांचा अर्थ लिहिणाऱ्यालाच ठाऊक नव्हता. पहिला, ‘ऑर्डर डिनाय,अलाउ’ आणि खाली फक्त ‘अलाउ फ्रॉम १०.०.०’, डिनायची ओळ नाही. लिहिणाऱ्याला वाटलं फक्त आपल्या नेटवर्कला प्रवेश आहे. प्रत्यक्षात इतक्या वर्षांत सगळं जग आत येत होतं. दुसरा, ‘ऑर्डर अलाउ,डिनाय’ खाली ‘डिनाय फ्रॉम ऑल’ आणि ‘अलाउ फ्रॉम’ कुठलासा आयपी. इथे डिनाय जिंकतो, म्हणजे तो आयपीसुद्धा बाहेरच. हे दोन्ही स्क्रिप्टने जसेच्या तसे ठेवावेत आणि मालकाला विचारावं. जुनी चूक इमानदारीने नव्या भाषेत उतरवायची की दुरुस्त करायची, हा निर्णय ऑकचा (पुढची स्क्रिप्ट ज्यात लिहायची त्या मजकूर हाताळणाऱ्या भाषेचा) नाही.

वारशाचाही घोळ आहे. वरच्या फोल्डरला ऑफिसच्या आयपीची अट आणि आतल्या फोल्डरला फक्त ‘रिक्वायर व्हॅलिड-युजर’ असेल, तर २.२ मध्ये दोन्ही अटी लागत, कारण त्या दोन वेगळ्या यंत्रणा होत्या. २.४ मध्ये दोन्ही रिक्वायर झाल्यावर आतला बाहेरच्याची जागा घेतो आणि आयपीची अट गळून पडते. आतल्या ब्लॉकमध्ये ‘ऑथमर्जिंग अँड’ लिहिलं तर वरची अट टिकते.

ऑकची स्क्रिप्ट कशी बांधायची

सेड ओळ पाहतो, आणि इथे निर्णय ब्लॉक पाहून करायचा आहे. म्हणून ऑक. शंभरेक ओळींत बसणारं काम आहे, फक्त पुढची शिस्त पाळा.

प्रत्येक ओळीची एक तपासणीची प्रत करा: ‘टूलोअर’ ने लहान अक्षरांत, पुढची मोकळी जागा काढलेली, शेवटचा कॅरेज रिटर्न छाटलेला. मूळ ओळ छापायला वेगळी ठेवा. कॅरेज रिटर्नची ही छाटणी विसरू नका. विंडोजवरच्या एडिटरमधून आलेल्या फाइलीत तो प्रत्येक ओळीच्या शेवटी असतो. अपाची तो मोकळी जागा समजून सोडून देतो, पण तुमचा ‘ऑल’ वर संपणारा नमुना जुळत नाही आणि ब्लॉक गुपचूप सुटतो.

डेबियन-उबुंटूवर ‘ऑक’ म्हणजे बहुधा ‘मॉक’ हा त्याचा एक प्रकार असतो. त्याच्या जुन्या १.३.३ आवृत्तीला चौकटी कंसातला ‘स्पेस’ हा वर्ग कळत नाही, आणि ‘इग्नोरकेस’ तर फक्त ग्नू ऑकपुरताच आहे. मॉकला ते एक साधं व्हेरिएबल वाटतं, चूक दाखवलीच जात नाही. ‘टूलोअर’ आणि चौकटी कंसात प्रत्यक्ष स्पेस व टॅब लिहिले तर स्क्रिप्ट सगळीकडे सारखी चालते. नाहीतर सरळ ‘गॉक’ (ग्नू ऑक) बसवा आणि त्यालाच नावाने हाक मारा.

डिरेक्टरी, लोकेशन, फाइल्स आणि प्रॉक्सी, तसेच त्यांचे ‘मॅच’ वाले भाऊ, यांपैकी कुठलाही टॅग उघडला की ओळी ॲरेमध्ये साठवायला लागा. व्हर्च्युअलहोस्ट मोजू नका. त्याच्या थेट अंगावर ऑर्डर लिहिताच येत नाही. बंद होणारा टॅग आला की हाती पाच गोष्टी असायला हव्यात: ऑर्डर, अलाउची यादी, डिनायची यादी, रिक्वायरच्या ओळी, सॅटिस्फाय. वरच्या खात्रीच्या नमुन्यांपैकी एखादा तंतोतंत जुळला तर जुन्या ओळींपैकी पहिलीच्या जागी, तिच्याच इंडेंटने, नवं रिक्वायर छापा. बाकीच्या जुन्या गाळा. टिप्पण्या आणि इतर ओळी होत्या तशा ठेवा. नमुना जुळला नाही तर ब्लॉक अक्षरही न बदलता छापा आणि फाइलीचं नाव, ओळ क्रमांक व कारण ‘स्टँडर्ड एरर’ वर टाका. ती धार वेगळ्या फाइलीत वळवली की ‘हाताने करायची यादी’ आयती तयार.

काही गोष्टी दिसताच माघार घ्या: ब्लॉकच्या आत दुसरा ब्लॉक, ‘<लिमिट>’ किंवा ‘<लिमिटएक्सेप्ट>’, ‘म्युच्युअल-फेल्युअर’, ओळीच्या शेवटी उलटा स्लॅश, ‘एन्व्ह=’ पुढे उद्गारचिन्ह, आणि ‘सॅटिस्फाय एनी’ सोबत ‘अलाउ फ्रॉम ऑल’. हा शेवटचा म्हणजे पासवर्ड लावून दार उघडं ठेवल्याचा प्रकार, तोही मालकाला दाखवायचा. ‘<इफमॉड्यूल>’ मध्ये ऑथ्झ-कोअर मॉड्यूलची चाचणी दिसली तर त्या फाइलीला हातच लावू नका. बरीच तयार ॲप्लिकेशनं जुनी-नवी दोन्ही रूपं अशा कुंपणात देतात. ती आधीच बरोबर असतात.

निकाल नव्या फोल्डरात लिहा. मूळ जागी नेताना ‘मूव्ह’ करू नका, नव्या फाइलीचा मजकूर ‘कॅट’ ने जुन्या फाइलीत ओता. त्याने मालकी, परवानग्या आणि सिमलिंक शाबूत राहतात. रेड हॅट घराण्यात मूव्ह केलेली फाइल सोबत चुकीचं एसईलिनक्स (तिथली सुरक्षा यंत्रणा) लेबल घेऊन येते. तसं झालंच असेल तर ‘रिस्टोरकॉन’ चालवा.

मग तयार झालेल्या निकालावरच स्क्रिप्ट पुन्हा चालवा. दुसऱ्या फेरीत डिफ कोरा आला पाहिजे. नाही आला तर स्क्रिप्ट आपलंच लिहिलेलं पुन्हा चावते आहे.

.एचटीॲक्सेस

या फाइलीला उघडणारा टॅग नसतो. अख्खी फाइल एक ब्लॉक धरा. कॉन्फिगटेस्ट या फाइली वाचतच नाही. चूक असेल तर ती पहिला पाहुणा आल्यावर ५०० च्या (सर्व्हरच्या अंतर्गत चुकीच्या) रूपात दिसते.

इथली सर्वांत न दिसणारी अडचण परवान्याची आहे. ऑर्डर, अलाउ, डिनाय लिहायला ‘अलाउओव्हरराइड’ मध्ये ‘लिमिट’ लागायचं. रिक्वायरला ‘ऑथकॉन्फिग’ लागतं. मुख्य फाइलीत फक्त लिमिट दिलेलं असेल, तर निर्दोष बदललेली फाइलसुद्धा ‘रिक्वायर नॉट अलाउड हिअर’ म्हणत ५०० देते.

शिवाय अलाउओव्हरराइडचं मूळ मूल्यच बदललं आहे. २.२ मध्ये काही लिहिलं नाही तर ‘ऑल’, २.४ मध्ये ‘नन’. ज्या फोल्डरासाठी कोणी हे डायरेक्टिव्ह कुठेच लिहिलं नव्हतं, तिथली .एचटीॲक्सेस आता उघडूनही पाहिली जात नाही. त्यात रिराइटचे नियम असतील तर साइट मोडते आणि लगेच कळतं. त्यात फक्त पासवर्ड असेल तर काहीच मोडत नाही, आणि तेच वाईट. म्हणून गणतीत सापडलेल्या प्रत्येक .एचटीॲक्सेससाठी वरच्या फोल्डरांत अलाउओव्हरराइड कुठे लिहिलं आहे ते शोधा. नसेल तर लिहा.

तपासणी, दोन फेऱ्यांत

कॉन्फिगटेस्ट पहिल्या चुकीवर थांबतो, त्यामुळे ‘सिंटॅक्स ओके’ येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवावा लागतो. डेबियनवर तो ‘अपाची२सीटीएल’ मार्फतच चालवा. नुसतं ‘अपाची२ -टी’ दिलं तर ‘एन्व्हव्हार्स’ फाइल वाचली जात नाही, आणि लॉग फोल्डरचं व्हेरिएबल सापडत नाही म्हणून खोट्या चुका दिसतात. त्यानंतर मोठ्या ‘एस’ ने व्हर्च्युअल होस्टची यादी काढून जुन्या यंत्राच्या यादीशी जुळवा.

पहिली फेरी ॲक्सेस-कॉम्पॅट चालू ठेवून करा. कर्लच्या तीनही फाइली नव्याने तयार करा आणि जुन्यांशी डिफ करा. २०० चं (पान मिळालं) ४०३ झालं असेल तर घाबरण्यासारखं नाही, दुरुस्त होईल. ४०१ (पासवर्ड हवा) किंवा ४०३ चं २०० झालेलं एकही दिसलं तर तिथेच थांबा.

४०३ चं मूळ एरर लॉगमधल्या क्रमांकावरून चटकन कळतं. वाक्य दोन्हीकडे एकच, ‘क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन’, पण एएच०१६३० असेल तर नव्या यंत्रणेने अडवलं आहे आणि एएच०१७९७ असेल तर जुनी ऑर्डर-डिनाय कुठेतरी जिवंत आहे. पहिल्याचं ठरलेलं कारण: मूळ फोल्डरावर ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ आहे आणि साइटच्या ब्लॉकमध्ये नवं ‘ग्रँटेड’ लिहायचं राहिलं. दुसऱ्याचं कारण: वरच्या फोल्डरातलं जुनं ‘डिनाय फ्रॉम ऑल’ खाली वारशाने उतरलं, तिथे नवं ‘ग्रँटेड’ असलं तरी दोन्ही यंत्रणांचा होकार लागतो. अर्धं झाड आज आणि अर्धं पुढच्या आठवड्यात, असं करू नये ते याचसाठी.

दुसऱ्या फेरीत ॲक्सेस-कॉम्पॅट बंद करा: डेबियनवर ‘ए२डिसमॉड’ ने, रेड हॅटवर लोडमॉड्यूलची ओळ टिप्पणी करून. आता मुख्य फाइलींत उरलेलं प्रत्येक ‘ऑर्डर’ कॉन्फिगटेस्टमध्ये ‘इनव्हॅलिड कमांड’ म्हणून ओरडेल, आणि .एचटीॲक्सेसमधलं ५०० देईल. तीच कर्लची यादी पुन्हा फिरवा. जुन्या यंत्रावर हा प्रयोग करायचाच असेल तर दुपारच्या गर्दीत करू नका.

फाइलीच्या नावाची गोष्ट

डेबियन ८ आणि उबुंटू १३.१० पासून साइटच्या फाइलीचं नाव ‘.कॉन्फ’ ने संपावं लागतं. जुन्या फाइलींना बहुधा नुसतं डोमेनचं नाव असे. अशी फाइल सर्व्हर वाचत नाही, चूकही दाखवत नाही, आणि पाहुण्याला अपाचीचं कोरं स्वागतपान दिसतं. छोटा लूप पुरतो: ‘साइट्स-एनेबल्ड’ मधले जुने दुवे आधी काढा, मूळ फाइलीला ‘.कॉन्फ’ जोडा, मग ‘ए२एनसाइट’ ने पुन्हा जोडणी करा. क्रम चुकला तर तुटके दुवे मागे राहतात. ते फाइंडला ‘-एक्सटाइप एल’ देऊन सापडतात. त्याच फेरीत डॉक्युमेंटरूटही पाहा, कारण डेबियनची ठरलेली जागा ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ वरून त्याच्या आतल्या ‘एचटीएमएल’ फोल्डरात गेली आहे. रेड हॅट ७ पासून लोडमॉड्यूलच्या ओळी ‘कॉन्फ.मॉड्यूल्स.डी’ मध्ये वेगळ्या असतात. जुन्या मुख्य फाइलीतल्या त्या ओळी नव्या यंत्रावर आणू नका, नाहीतर २.४ मध्ये अस्तित्वातच नसलेली मॉड्यूलं शोधत सर्व्हर पहिल्याच पायरीवर अडतो.

चालू यंत्रावर शेवटचा बदल ‘ग्रेसफुल’ ने लागू करा. सुरुवातीच्या विनंत्या चालल्या की एरर लॉगमध्ये त्या दोन क्रमांकांसाठी आणि ‘नॉट अलाउड हिअर’ साठी निदान एक पूर्ण दिवस ग्रेप लावून ठेवा. महिन्यातून एकदा उघडणारी पानं असतील तर महिनाभर.